विश्लेषण : मांडलिकच राजा झाला तेव्हा... विल्यमने इंग्लंडमध्ये सरंजामशाहीची घडी कशी बसवली?

१ ऑगस्ट १०८६ रोजी दक्षिण इंग्लंडमधील सॅलिस्बरी येथे एक मोठा मेळावा भरला. राज्यातील नाव घेण्याजोगे जमीनधारक तिथे जमले आणि त्यांनी राजा विल्यमसमोर निष्ठेची शपथ घेतली. वरवर पाहता यात विशेष काही नाही. राजापुढे शपथा होतच असतात. पण यातील अनेकांना जमीन राजाने दिलेली नव्हती. ती राजाच्या सरदारांनी दिली होती आणि रीतीप्रमाणे त्यांची पहिली बांधिलकी होती ती त्या सरदारांशी. विल्यमने या रीतीला मुरड घातली. धन्याचे आणि राजाचे बिनसले, तर धन्याला सोडून राजाच्या बाजूने उभे राहायचे, असा या शपथेचा अर्थ होता. अशी शपथ घ्यायला लावण्याची गरज त्याला का वाटली, याचे उत्तर त्याच्या जवळपास साठ वर्षांच्या आयुष्यात सापडते.

सरंजामशाही म्हणजे नेमके काय?

अकराव्या शतकातील उत्तर फ्रान्समध्ये राजाकडे कायमची पगारी फौज नव्हती, नोकरशाही नव्हती आणि रोख पैसाही बेताचाच होता. होती ती जमीन. घोडा, चिलखत, हत्यारे आणि लहानपणापासूनचा सराव असलेला एक स्वार पोसायचा, तर त्यामागे शेतीचे बरेच उत्पन्न लागे. म्हणून राजा सरदाराला मुलूख देई आणि सरदार ठरावीक स्वार घेऊन चाकरीला येण्याचे वचन देई. त्या मुलखातला काही भाग तो पुन्हा आपल्या हाताखालच्या स्वारांना वाटून टाकी. वचनाचा विधीही ठरलेला होता. चाकर गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देई आणि आपण त्याचा माणूस झाल्याचे जाहीर करी. या साखळीच्या तळाशी शेतकरी होता. तो धन्याच्या खासगी शेतावर आठवड्यातले काही दिवस वेठीने राबे आणि गावचा तंटा बहुधा धन्याच्याच न्यायसभेत सुटे.

मराठीतला सरंजामशाही हा शब्द मराठेशाहीतील सरंजामावरून आला. फौज बाळगण्यासाठी सरदाराला नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नाला सरंजाम म्हणत. दोन्ही व्यवस्था एकच नव्हेत, पण पेच ओळखीचा आहे. मुलूख दिल्याशिवाय फौज मिळत नाही आणि मुलूख दिला की सरदार डोईजड होतो.

इतिहासकारांमध्ये मात्र ‘फ्युडलिझम’ या शब्दावरूनच वाद आहे. मध्ययुगातील माणसे हा शब्द वापरत नव्हती. एलिझाबेथ ब्राऊन यांनी १९७४ मध्ये आणि सुझन रेनल्ड्स यांनी १९९४ मध्ये या संकल्पनेवर जोरदार आक्षेप घेतले. ठिकठिकाणच्या वेगवेगळ्या रीती एकाच शब्दात कोंबल्या जातात, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच एक माणूस आणि एक मुलूख धरून हा विषय पाहिलेला बरा.

सात-आठ वर्षांच्या ड्यूकचे काय झाले?

विल्यमचा जन्म १०२७ किंवा १०२८ मध्ये नॉर्मंडीतील फालेज येथे झाला. नॉर्मंडी हा फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा मुलूख. ९११ मध्ये राजा चार्ल्सने सेन नदीच्या मुखाजवळचा प्रदेश रोलो या व्हायकिंग पुढाऱ्याला दिला. नदीतून आत येऊन लुटालूट करणाऱ्यांनाच राखणीला बसवण्याचा तो उपाय होता. रोलोच्या वंशजांनी हद्द वाढवली आणि ते ड्यूक म्हणवू लागले. कागदोपत्री ते फ्रेंच राजाचे मांडलिक. प्रत्यक्षात त्यांचे नाणे, न्याय आणि फौज स्वतंत्र होती.

विल्यमचे वडील ड्यूक रॉबर्ट. आई हर्लेवा हिच्याशी त्यांचे लग्न झालेले नव्हते. त्यामुळे ‘अनौरस’ हे विशेषण विल्यमला आयुष्यभर चिकटले. १०३५ मध्ये रॉबर्ट जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना वारला. निघण्यापूर्वी त्याने सरदारांकडून मुलाशी निष्ठेची शपथ घेववली होती. शपथ शाबूत होती, ती पाळायला लावणारा मात्र उरला नव्हता.

पुढची दहा-बारा वर्षे नॉर्मंडीत सरदारांचा धुमाकूळ चालला. मुलाचे पालकत्व ज्यांच्याकडे होते, त्यातील ब्रियॉनचा काउंट गिल्बर्ट मारला गेला. ड्यूकच्या घरचा कारभारी ऑस्बर्न याला तर मुलाच्या निजायच्या खोलीतच कापून काढले. ऑस्बर्नचे नाव लक्षात ठेवावे, कारण या घराण्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

याच काळात सरदारांनी जागोजागी परवानगीशिवाय गढ्या उभारल्या. मातीचा उंच ढिगारा, त्यावर लाकडी मनोरा, भोवती खंदक आणि कुंपण, एवढाच त्यांचा पसारा. अशी गढी आणि काही स्वार ज्याच्याकडे, त्याचा आसपासच्या खेड्यांवर अंमल. कर तोच घेणार, न्याय तोच करणार. राज्याचे तुकडे नकाशावर पडण्याआधी असे गढ्यांमधून पडतात.

१०४७ मध्ये विल्यमचाच आतेभाऊ गी याच्या नेतृत्वाखाली पश्चिम नॉर्मंडीतील सरदारांनी उघड बंड केले. विशीतल्या विल्यमने तेव्हा आपला धनी, म्हणजे फ्रान्सचा राजा पहिला आंरी याच्याकडे धाव घेतली. मांडलिकाला संरक्षण देणे हे धन्याचे कर्तव्यच होते. दोघांनी मिळून व्हाल-ए-द्यून येथे बंडखोरांना हरवले आणि त्यानंतर अनेक गढ्या पाडल्या गेल्या. पण पुढे पाच-सहा वर्षांतच मांडलिक फार मोठा होतो आहे, हे राजाच्या लक्षात आले. ज्याने वाचवले तोच आता फौज घेऊन नॉर्मंडीवर चालून आला, १०५४ मध्ये एकदा आणि १०५७ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा त्याला हात हलवत परतावे लागले. धन्याविरुद्ध मांडलिक किती तग धरू शकतो, हे विल्यमने असे स्वतःच्या अनुभवातून शिकून घेतले. पुढे त्याच्या सरदारांनी तोच धडा त्याच्यावर गिरवू नये, ही त्याची उरलेल्या आयुष्याची काळजी होती.

इंग्लंड कसे हाती आले?

५ जानेवारी १०६६ रोजी इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी तिथला सर्वांत बलाढ्य सरदार हॅरॉल्ड गादीवर बसला. एडवर्डने गादीचे वचन आपल्याला दिले होते, शिवाय हॅरॉल्डनेही त्याला पाठिंबा देण्याची शपथ आपल्यापुढे घेतली होती, असा विल्यमचा दावा होता. म्हणजे युद्धाचे कारणही त्याने शपथभंगाचेच मांडले. पोपचा पाठिंबाही त्याने मिळवला.

ही फौज केवळ चाकरीला बांधलेल्या स्वारांची नव्हती. ब्रिटनी, फ्लँडर्स आणि इतर भागांतून जमिनीच्या आणि लुटीच्या आशेने शेकडो लोक आले. २८ सप्टेंबरला ते पेव्हेन्सीच्या किनाऱ्यावर उतरले. हॅरॉल्ड तेव्हा उत्तरेत होता. २५ सप्टेंबरला त्याने नॉर्वेच्या राजाला हरवले होते. थकलेली फौज घेऊन तो दक्षिणेत धावला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या लढाईत मारला गेला. नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये विल्यमचा राज्याभिषेक झाला. आतला जयघोष ऐकून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दंगा झाल्यासारखे वाटले आणि त्यांनी आसपासच्या घरांना आग लावली. नव्या राज्याची सुरुवात ही अशी.

जमिनीचे वाटप इतके महत्त्वाचे का ठरले?

नॉर्मंडीत विल्यमला सरदार वारशाने मिळाले होते. त्यांच्या जमिनी आजोबा-पणजोबांपासूनच्या, त्यांचा तोराही तेवढाच जुना. इंग्लंडमध्ये मात्र त्याच्यासमोर जवळजवळ कोरी पाटी होती. हेस्टिंग्जला विरोधात लढलेल्यांच्या जमिनी जप्त झाल्या. वाचलेल्यांना आपली जमीन राजाला पैसे भरून सोडवून घ्यावी लागली. नंतर प्रत्येक बंडागणिक आणखी जप्ती आली. १०६९-७० च्या हिवाळ्यात यॉर्कशायर आणि आसपासचा उत्तरेचा मुलूख विल्यमने पद्धतशीर जाळला. उभे धान्य, बी-बियाणे, अवजारे, गुरे काही शिल्लक ठेवले नाही. त्यानंतरच्या दुष्काळात हजारो माणसे उपासमारीने मेली. एरवी त्याचा गौरव करणारा इतिवृत्तकार ऑर्डेरिक व्हिटालिस याने या एका कृत्याबद्दल त्याला माफ केले नाही. सोळा वर्षांनंतरच्या सरकारी पाहणीतही तिथली कित्येक गावे ओसाड म्हणून नोंदलेली आहेत.

या सगळ्या जमिनीबाबत विल्यमने एक तत्त्व रुजवले. इंग्लंडमधील सगळी जमीन अंतिमतः राजाची आहे. बाकी सगळे ती राजाकडून, किंवा राजाकडून घेतलेल्याकडून, धारण करतात. १०८६ पर्यंतचे चित्र बोलके आहे. जमिनीच्या एकूण मूल्यापैकी सुमारे १७ टक्के राजा आणि त्याच्या कुटुंबाकडे होते, साधारण पाव भाग चर्चकडे आणि निम्म्याहून थोडे अधिक सुमारे १९० बड्या सरदारांकडे. त्यातही डझनभर सरदारांकडेच देशाची जवळजवळ पाव जमीन होती. राजाकडून थेट मोठी जमीन धारण करणारे इंग्रज बोटांवर मोजण्याइतकेच उरले. वीस वर्षांत एका देशाचा अख्खा वरचा थर बदलला गेला.

जमिनीबरोबर अटी आल्या. प्रत्येक मोठ्या धारकाने किती स्वार पुरवायचे हे ठरलेले होते, आणि त्यातून मठही सुटले नाहीत. पीटरबरोच्या मठावर तर ६० स्वारांचा बोजा होता. वारसाला जमीन हवी तर नजराणा भरावा लागे. वारस अज्ञान असेल, तर तो वयात येईपर्यंत त्याचे पालकत्व आणि जमिनीचे उत्पन्न राजाकडे. वारस मुलगी असेल, तर तिचे लग्न राजाच्या संमतीने. विल्यमचे स्वतःचे बालपण आठवले की यातली गंमत कळते. अनाथ वारस ही नॉर्मंडीत सत्तेची सर्वांत कमकुवत जागा होती. इंग्लंडमध्ये ती राजाच्या मिळकतीची बाब झाली.

आणखी एक गोष्ट घडली. बड्या सरदारांच्या जमिनी एकाच ठिकाणी सलग न राहता विखुरलेल्या राहिल्या. विल्यमचा सावत्र भाऊ रॉबर्ट याच्याकडे सुमारे ८०० जहागिरी होत्या, पण त्या जवळपास वीस परगण्यांत पसरलेल्या होत्या. हे सगळे राजाने आखून केले, असे पूर्वी सांगितले जाई. तेवढे श्रेय त्याला देण्याचे कारण नाही. देश टप्प्याटप्प्याने ताब्यात आला आणि आधीच्या इंग्रज मालकांच्या जमिनीच विखुरलेल्या होत्या, त्या तशाच नव्या धन्याकडे गेल्या. परिणाम मात्र राजाच्या पथ्यावर पडला. अपवाद होता तो वेल्सच्या सरहद्दीचा. तिथे चेस्टर, श्रूजबरी आणि हेरफर्ड येथे बळकट सरदारांना सलग मुलूख दिला गेला. सरहद्द राखायची तर दुसरा इलाज नव्हता.

आणि सरंजामशाहीच्या चर्चेत जे बहुधा निसटते ते हे, की विल्यमने जुन्या इंग्रजी राज्ययंत्रणेला हात लावला नाही. परगण्याचे न्यायालय, राजाचा अधिकारी असलेला शेरीफ, जमिनीवरचा सार्वत्रिक कर आणि राजाच्या ताब्यातली टांकसाळ हे सारे त्याने तसेच चालू ठेवले. फ्रान्सच्या राजाकडे यातले फारसे काही नव्हते. सरदारांची साखळी वर राजाला जोडलेली आणि तिच्या शेजारून राजाचा स्वतःचा हात थेट खेड्यापर्यंत पोचलेला, असे हे मिश्रण होते.

तरीही बंडे का झाली?

आता पुन्हा ऑस्बर्नचे घराणे. विल्यमच्या खोलीत मारल्या गेलेल्या त्या कारभाऱ्याचा मुलगा विल्यम फिट्झऑस्बर्न हा ड्यूकचा बालपणापासूनचा सोबती. इंग्लंडच्या मोहिमेत तो आघाडीवर होता आणि त्याला हेरफर्डची सरहद्द मिळाली. १०७१ मध्ये तो फ्लँडर्समध्ये लढताना पडला. हेरफर्ड त्याचा मुलगा रॉजर याच्याकडे आले. या रॉजरने १०७५ मध्ये आपल्या बहिणीचे लग्न ईस्ट अँग्लियाचा अर्ल राल्फ याच्याशी लावले आणि त्याच लग्नाच्या मेजवानीत बंडाचा कट शिजला. राजाने या लग्नाला मनाई केली होती, असे एक इतिवृत्त सांगते. देशाच्या पश्चिमेचा आणि पूर्वेचा सरदार सोयरे होणे राजाला का नको असेल, हे वेगळे सांगायला नको. रॉजरच्या परगण्यात राजाचे शेरीफ ढवळाढवळ करतात, ही त्याची मुख्य तक्रार होती.

बंड फसले. राल्फ ब्रिटनीला पळाला. कटात ओढला गेलेला आणि आधीच कबुली दिलेला इंग्रज अर्ल वॉल्थिऑफ याचा १०७६ मध्ये शिरच्छेद झाला. रॉजर तुरुंगात गेला, त्याची इंग्लंडमधली जमीन जप्त झाली. आजोबाने ज्याच्यासाठी जीव दिला त्याच्याविरुद्ध नातू उठला, यात कृतघ्नता शोधण्यापेक्षा व्यवस्थेचा स्वभाव पाहावा. आजोबा ड्यूकच्या घरचा चाकर होता, नातू स्वतःच्या मुलखाचा धनी झाला होता. वैयक्तिक निष्ठा एका पिढीची असते. जमीन वारशाने पुढे जाते.

घरातही तेच झाले. थोरला मुलगा रॉबर्ट याला वारस म्हणून सरदारांची शपथ मिळाली होती, पण हातात मुलूख मिळाला नव्हता. त्याने बंड केले. विल्यमचा धनी असलेल्या फ्रान्सच्या राजा पहिल्या फिलिपने त्याला नॉर्मंडीच्या सीमेवरची एक गढी देऊ केली. १०७९ च्या सुरुवातीला त्या गढीसमोरच्या चकमकीत बाप मुलाच्याच फौजेकडून घोड्यावरून खाली आला. दुसरा सावत्र भाऊ ओडो हा बायोचा बिशप आणि केंटचा अर्ल, अफाट संपत्तीचा मालक. १०८२ मध्ये त्यालाही कैद करावे लागले.

‘डूम्सडे बुक’ कशासाठी?

१०८५ मध्ये डेन्मार्कच्या स्वारीची आवई उठली. विल्यमने समुद्रापलीकडून मोठी भाडोत्री फौज आणली आणि तिच्या खाण्यापिण्याचा भार सरदारांवर त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात टाकला. पण कुणाकडे नेमकी किती जमीन? त्या नाताळात ग्लॉस्टर येथे मसलत झाली आणि देशभर पाहणीचा हुकूम निघाला. आयुक्तांनी परगण्याच्या सभा भरवल्या. पाद्री, गावकामगार, प्रत्येक गावचे सहा शेतकरी यांच्याकडून शपथेवर माहिती घेतली. एडवर्डच्या काळात जमीन कुणाकडे होती, आता कुणाकडे, नांगर किती, कुळे किती, गुलाम किती, गिरण्या, कुरणे, रान किती, किंमत तेव्हा काय आणि आता काय. तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद वर्षभरात बहुतांशी पुरी झाली. नोंदलेल्यांत साधारण दहावा हिस्सा गुलामांचा होता, हे या दप्तरामुळेच आज ठाऊक आहे.

या दप्तराविरुद्ध दाद मागायची सोय नाही, म्हणून लोकांनी त्याला कयामतीच्या दिवसाचे, ‘डूम्सडे’चे नाव दिले. राजाच्या दृष्टीने त्याचा उपयोग दुहेरी होता. कुणाकडून किती वसूल करायचे ते कळले. आणि सरदारांच्या हाताखाली कोण जमीन धरून आहे, ती नावेही राजाकडे आली. पाहणीचे काम चालू असतानाच सॅलिस्बरीचा मेळावा भरला, हा योगायोग नसावा.

राजा स्वतः कुणाचा मांडलिक?

इंग्लंडमध्ये विल्यमने बहुतेक फटी बुजवल्या. एक उरली ती त्याची स्वतःची. इंग्लंडचा राजा म्हणून तो कुणाचा चाकर नव्हता, पण नॉर्मंडीचा ड्यूक म्हणून फ्रान्सच्या राजाचा मांडलिकच राहिला. या फटीने पुढे सव्वाशे वर्षांनी घात केला. १२०२ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने इंग्लंडचा राजा जॉन याला मांडलिक म्हणून आपल्या दरबारात हजर राहण्याचे फर्मान काढले. तो गेला नाही, म्हणून त्याचा फ्रान्समधील मुलूख जप्त ठरला आणि १२०४ मध्ये नॉर्मंडी गेली. ती परत मिळवण्यासाठी जॉनने सरदारांना इतके पिळले की १२१५ मध्ये त्यांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवून घेतली. त्यातील सुरुवातीची बरीच कलमे वारसाचा नजराणा, अज्ञान वारसाचे पालकत्व आणि विधवांची लग्ने यांच्याबद्दल आहेत. म्हणजे विल्यमच्या काळापासून राजाच्या हाती असलेल्या त्याच दोऱ्यांबद्दल.

शेवट कसा झाला?

१०८७ च्या उन्हाळ्यात फ्रेंच हद्दीतील मांत हे शहर जाळत असताना विल्यम जखमी किंवा आजारी झाला. त्याबाबत इतिवृत्तांत एकमत नाही. त्याला रुआं शहराजवळच्या एका मठात आणले. थोरला रॉबर्ट तेव्हा फ्रान्सच्या राजाकडे होता. त्याच्यावर बापाचा विश्वास नव्हता, पण सरदारांनी त्याला शपथ दिलेली होती, म्हणून नॉर्मंडी त्याच्याकडेच गेली. इंग्लंड तिसरा मुलगा विल्यम रूफस याला मिळाले, धाकट्या हेन्रीला पाच हजार पौंड चांदी. समुद्राच्या दोन्ही बाजूंना जमिनी असलेल्या सरदारांना आता दोन धनी झाले. आग्रहाखातर सोडून दिलेल्या ओडोनेच पुढच्या वर्षी रूफसविरुद्ध बंड पुकारले.

९ सप्टेंबरला पहाटे विल्यमने प्राण सोडला. ऑर्डेरिकच्या वृत्तांतानुसार हजर असलेले धनिक घोड्यांवर मांड ठोकून आपापल्या मालमत्तेच्या राखणीला पळाले. नोकरांनी हत्यारे, भांडी, कपडे उचलले आणि प्रेत जवळजवळ उघडे जमिनीवर पडून राहिले. शेवटी एका साध्या सरदाराने पदरच्या खर्चाने ते काँ शहरात नेले. तिथल्या, विल्यमनेच बांधलेल्या मठात दफनाचा विधी सुरू असताना आसेलँ नावाचा गावकरी पुढे आला. ही जागा माझ्या बापाची, विल्यमने ती जबरदस्तीने घेतली, इथे त्याला पुरू देणार नाही, असे त्याने भर सभेत सांगितले. शेजाऱ्यांकडे विचारपूस झाली; त्याचे म्हणणे खरे निघाले. जमलेल्या बिशपांनी कबरेपुरत्या जागेचे साठ शिलिंग त्याच्या हातावर ठेवले, बाकीच्या जमिनीचा मोबदला देण्याचे कबूल केले आणि मग विधी पुढे सुरू झाला.